बावीस सूत्रे आणि बावीस प्रतिज्ञा : संघटित मानवतावादाची एक समीक्षा

बुद्ध हा जगातील पहिला मानवतावादी आणि कालामांना केलेला उपदेश हा विवेकवादाचा पहिला जाहीरनामा, हे विधान आपल्या व्यासपीठांवरून इतक्या वेळा उच्चारले जाते की ते तपासून पाहण्याची गरज आता कोणास वाटत नाही. विवेकवादी मंडळींना ते प्रिय आहे. त्यांच्या विचाराला अडीच हजार वर्षांची वंशावळ त्यामुळे आयती लाभते. आपल्यातील सुशिक्षित बौद्धांनाही ते प्रिय आहे; आपला धम्म आधुनिक जगाच्या पंक्तीत मानाने बसतो, असे समाधान त्यातून मिळते. दोन्ही पक्षांना इतके सोयीचे असणारे विधान बहुधा दोन्ही पक्षांनी अर्धेच वाचलेले असते. मानवतावाद आणि धम्म या एकाच गोष्टीच्या दोन संज्ञा असतील, तर १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा अनावश्यक ठरते. एखाद्या जाहीरनाम्यावर सही करूनही भागले असते. म्हणून संघटित मानवतावादाने मानवजातीला काय दिले, तो कोठे थांबला आणि तो जेथे थांबला तेथून पुढे धम्माने कोणते पाऊल टाकले, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

जाहीरनाम्यांचा वारसा

ईश्वर आणि पुरोहित यांच्यावाचून सदाचारी समाजजीवन शक्य आहे, हा विचार प्राचीन आहे. त्या विचाराच्या आधुनिक संस्था मात्र एकोणिसाव्या शतकात उभ्या राहिल्या. इंग्लंडमध्ये जॉर्ज जेकब होलिओक यांनी १८४२ मध्ये ईश्वरनिंदेच्या आरोपावरून सहा महिन्यांचा कारावास भोगला आणि १८५१ मध्ये ‘सेक्युलॅरिझम’ ही संज्ञा प्रचारात आणली. चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटीची स्थापना केली. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. जोतीरावांवर थॉमस पेन यांच्या ग्रंथांचा संस्कार होता हे सर्वश्रुत आहे. जोतीरावांचा निर्मीक हा निर्माता आहे, त्यामुळे त्यांना निरीश्वरवादी म्हणता येत नाही. परंतु निर्मीक आणि माणूस यांच्यामधील दलाल त्यांनी हटविला. संघटित इहवाद ही सर्वस्वी परकीय वस्तू आहे, असे म्हणणाऱ्यांनी या तारखा ध्यानात ठेवाव्यात.

विसाव्या शतकात या विचाराने जाहीरनाम्याचे रूप घेतले. अमेरिकेत १९३३ मध्ये मानवतावाद्यांचा पहिला जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्यात पंधरा कलमे होती आणि त्याखाली ३४ जणांच्या सह्या होत्या. विश्व स्वयंसिद्ध आहे, कोणी निर्माण केलेले नाही, येथून आरंभ करून नफ्यावर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेऐवजी सहकारी व्यवस्था हवी, येथपर्यंत तो पोहोचला. सह्या करणाऱ्यांत युनिटेरियन धर्मोपदेशक बरेच होते आणि आपण मांडतो तो एक नवा धार्मिक मानवतावाद आहे, असेच त्यांचे म्हणणे होते. या ३४ नावांतील दोन नावे आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. एक जॉन ड्यूई यांचे. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकत असताना बाबासाहेबांना लाभलेले हे गुरू. दुसरे एडविन बर्ट यांचे; पुढे १९५५ मध्ये बौद्ध वचनांचा एक इंग्रजी संग्रह त्यांनी संपादित केला.

ऑगस्ट १९५२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे ज्युलियन हक्स्ली यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय मानवतावादी व नैतिक संघ स्थापन झाला. २०१९ पासून तो ‘ह्युमॅनिस्ट्स इंटरनॅशनल’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या स्थापनेत भारतातील रॅडिकल ह्युमॅनिस्ट चळवळीचाही वाटा होता. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाने डिसेंबर १९४६ च्या मुंबई अधिवेशनात बावीस सूत्रे स्वीकारली, १९४७ मध्ये नवमानवतावादाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला आणि १९४८ च्या अखेरीस रॉय यांनी आपला पक्षच विसर्जित करून त्याचे चळवळीत रूपांतर केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यासारखी माणसे या विचाराने महाराष्ट्राला दिली. आणीबाणीच्या काळात नागरी स्वातंत्र्याच्या बाजूने तारकुंडे ज्या निष्ठेने उभे राहिले, ती निष्ठा याच विचारातून आली होती. या परंपरेबद्दल आम्हांस आदर आहे. पुढील चिकित्सा त्या आदरासह वाचावी.

क्रियापदाचा पुरुष

रॉय यांची सूत्रे बावीस आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञाही बावीस. संख्येचा हा योगायोग आहे. त्यातून काही सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र हे दोन लेख शेजारी ठेवून वाचले असता भाषेच्या अभ्यासकाला एक गोष्ट तत्काळ जाणवते. त्यांच्या क्रियापदांचा पुरुष वेगळा आहे. (संस्कृत व पालि व्याकरणात ‘मी’ला उत्तम पुरुष म्हणतात, येथे आम्ही मराठीतील रूढ संज्ञाच वापरीत आहोत.)

रॉय यांची सूत्रे तृतीय पुरुषी आहेत. माणूस हा समाजाचा मूळ आदर्श आहे, स्वातंत्र्याची ओढ आणि सत्याचा शोध या मानवी प्रगतीच्या मूळ प्रेरणा आहेत, माणूस स्वभावतः विवेकशील आहे, अशा स्वरूपाची ती विधाने आहेत. विधान खरे असते किंवा खोटे असते. त्याला संमती देता येते किंवा नाकारता येते. विधान मान्य करणाऱ्याच्या दिनक्रमात त्यामुळे उद्या सकाळी काही बदलले पाहिजे, असे बंधन विधानात अंगभूत नसते. १९३३ चा जाहीरनामा याला अपवाद नाही. त्यावर सही करणारे ३४ ही जण पुरुष होते. ज्या अमेरिकेत काळ्या माणसाला गोऱ्याच्या शेजारी बसण्याची अनेक राज्यांत कायद्यानेच बंदी होती, त्या अमेरिकेत लिहिलेल्या या पंधरा कलमांत वर्णभेदावर एकही कलम नाही. १९७३ च्या दुसऱ्या जाहीरनाम्याने ही उणीव भरून काढली. तशीच, जातिव्यवस्था हा रॉय यांच्या बावीस सूत्रांचा विषय नाही. सूत्रे लिहिणारी माणसे अप्रामाणिक होती, असे यावरून कोणी समजू नये. ‘माणूस’ हा तृतीय पुरुषी कर्ता इतका व्यापक असतो की त्यात विशिष्ट माणसाच्या पायातला काटा दिसेनासा होतो, एवढेच यातून दिसते.

आता प्रतिज्ञा पाहाव्यात. त्यांचा कर्ता ‘मी’ आहे. देवदेवतांना मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, असे नकार सुरुवातीला आहेत; सर्व माणसे समान मानीन, समता प्रस्थापित करण्याचा प्रयत्न करीन, प्राणिमात्रांवर दया करीन, चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, असे स्वीकार पुढे आहेत. सूत्रांत आणि प्रतिज्ञांत समता हाच विषय असला तरी पहिल्या ठिकाणी ती सिद्धान्त आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ती उच्चारणाऱ्याचे ऋण आहे. शिवाय ही प्रतिज्ञा एकांतात घेतलेली नाही. लाखो माणसांनी एकमेकांच्या साक्षीने ती मोठ्याने उच्चारली. उद्या शेजारचा माणूस विचारू शकतो की, तू काल काय म्हणालास?

हे व्याकरण बाबासाहेबांनी नव्याने निर्माण केलेले नाही. पंचशीलातील प्रत्येक शील ‘समादियामि’ या क्रियापदाने संपते. सं आणि आ हे उपसर्ग लागलेल्या ‘दा’ धातूचे हे प्रथमपुरुषी एकवचनी रूप होय. अर्थ असा की, मी हे आपणहून स्वतःवर घेतो. आणि घेतो ते ‘सिक्खापद’, म्हणजे शिकण्याचे एक पाऊल. ईश्वरप्रणीत धर्मांच्या आज्ञा द्वितीय पुरुषी असतात : तू असे करू नकोस. आज्ञा देणारा वर बसलेला असतो. मानवतावादाने त्या आज्ञाकर्त्याला सिंहासनावरून खाली उतरविले, हे त्याचे ऐतिहासिक श्रेय आहे. परंतु आज्ञाकर्ता गेला त्याबरोबर क्रियापदातले बंधनही गेले आणि मागे केवळ विधान उरले. शीलाने तिसरा मार्ग दाखविला आहे. त्यात आज्ञा देणारा कोणी नाही, तरी बंधन आहे; कारण ते ज्याचे त्याने स्वीकारलेले आहे.

केसमुत्ति सुत्त शेवटपर्यंत वाचावे

येथे विवेकवादी मित्र कालामांच्या उपदेशाकडे बोट दाखवितील. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातातील हे केसमुत्ति सुत्त होय. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, हा त्याचा भाग सर्वांस पाठ असतो. परंतु न स्वीकारण्याच्या ज्या दहा आधारांची तेथे गणना आहे, त्यांत ‘तक्कहेतु’ आणि ‘नयहेतु’ हेही आहेत. केवळ तर्काला पटते किंवा केवळ अनुमानाने निघते, एवढ्यावरही विसंबू नका, असे तथागत सांगतात. जे सुत्त तर्कवादाचा जाहीरनामा म्हणून मिरविले जाते, ते तर्कालाही एकट्याने न्यायासनावर बसू देत नाही.

मग कसोटी कोणती? लोभ, द्वेष व मोह यांनी ग्रासलेला माणूस हिंसा करतो, चोरी करतो, व्यभिचार करतो, खोटे बोलतो आणि दुसऱ्यालाही त्यास प्रवृत्त करतो. ते अहिताचे आहे की नाही, हे तुम्ही स्वतः जाणा, आणि सुज्ञ जन त्याची निंदा करतात की नाही, हेही पाहा. ‘जानेय्याथ’ हे क्रियापद द्वितीय पुरुषाचे आहे खरे, परंतु ते बहुवचनी आहे आणि त्याचा भाव आज्ञेचा नाही. तथागत प्रश्न विचारतात आणि उत्तरे कालाम देतात. केसपुत्त नगरातील लोक एकत्र येऊन आपली शंका मांडतात आणि एकत्रितपणेच निर्णयास येतात. एकट्या बुद्धिवंताने अभ्यासिकेत बसून केलेले चिंतन असे या प्रसंगाचे स्वरूप नाही.

आणि सुत्ताचा शेवट? मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांची भावना कशी करावी हे सांगून झाल्यावर, परलोक असो वा नसो, निर्वैर चित्ताच्या माणसास चार आश्वासने याच जन्मी लाभतात, असे तथागत सांगतात. त्यानंतर कालाम बुद्ध, धम्म व संघ यांना शरण जातात. ‘गच्छाम’ हे तेथील क्रियापद प्रथम पुरुषाचे व बहुवचनी आहे. शंका, तपासणी, निर्णय आणि त्यानंतर स्वीकार, असा हा क्रम आहे. उद्धरणे देणारे तिसऱ्या पायरीवर पुस्तक मिटतात. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची आणि दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षांची तपासणी आहे. प्रतिज्ञा म्हणजे जमावाचा भावनावेग, असा आक्षेप घेणाऱ्यांनी ही एकवीस वर्षे मोजावीत.

ड्यूई यांच्या पुढचे पाऊल

जाहीरनाम्यानंतर एका वर्षाने, १९३४ मध्ये, ड्यूई यांचे ‘अ कॉमन फेथ’ हे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. धर्म ही संस्था वेगळी आणि धार्मिक ही जीवनाची वृत्ती वेगळी, हा त्यातील मुख्य भेद होय. संस्थेच्या ओझ्याखालून ती वृत्ती मुक्त करावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. १ जून १९५२ रोजी ड्यूई यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले आणि ५ जून रोजी त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर दोन महिन्यांनी ॲमस्टरडॅमची परिषद भरली. गुरूचा विचार एका वाटेने परिषदेकडे गेला आणि शिष्याने तो दुसऱ्या वाटेने नागपूरपर्यंत नेला.

‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी रिलिजन आणि धम्म यांत केलेला भेद ड्यूई यांच्या भेदाची आठवण करून देतो, परंतु तो तेथे थांबत नाही. रिलिजन ही खाजगी बाब मानली जाते. धम्म मूलतः सामाजिक आहे. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही. दोन माणसे एकत्र आली की धम्मावाचून त्यांची सुटका नाही. त्यापुढे बाबासाहेब एक अवघड प्रश्न विचारतात. नुसती नीती पुरेशी आहे काय? चोरांच्या टोळीतही आपसांत नीती असते, व्यापाऱ्यांत असते, जातीतही असते. जातीची नीती जातीपुरती कडक आणि जातीबाहेर निर्दय असते. म्हणून नीती सार्वत्रिक हवी आणि तिला पावित्र्यही हवे. ते पावित्र्य दैवी नाही. दुर्बळाचे रक्षण व्हावे आणि प्रत्येकाला वाढीची संधी मिळावी म्हणून माणसांनीच ते नीतीला द्यावयाचे आहे.

संघटित मानवतावादाने या प्रश्नाला पुरेसे तोंड दिलेले नाही, असे आमचे मत आहे. अज्ञान दूर झाले की अन्याय दूर होईल, असा त्याचा भरवसा असतो. भारतात हा भरवसा टिकत नाही. येथे विज्ञानाचा पदवीधर भूतपिशाच्च मानीत नाही, पण मुलीचे लग्न ठरविताना जात मानतो. त्याच्या ज्ञानात काही कमी नाही. त्याने कोणतेही शील स्वीकारलेले नाही, ही त्याची उणीव आहे.

राज्य, धर्म आणि धम्म

हाच मुद्दा सार्वजनिक जीवनात अधिक स्पष्ट होतो. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत के. टी. शहा यांनी ‘सेक्युलर’ हा शब्द घटनेत घालण्याची सूचना मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. समाजरचनेचे स्वरूप पुढील पिढ्यांनी ठरवावे, ते घटनेने आधीच बांधून टाकू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत आला. हिंदी पाठात तो ‘पंथनिरपेक्ष’ आहे, मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. याच दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद यांचा विकास करणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. म्हणजे मानवतावाद हा भारतात केवळ एका मंडळीचा विचार राहिलेला नाही. तो घटनेच्या शब्दांत आहे. परंतु पुन्हा तृतीय पुरुषात आहे : प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य.

राज्याने कोणत्याही पंथाचा पक्ष घेऊ नये, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. त्याहून कमी काही आम्हांस चालणार नाही, कारण राज्य पंथाच्या हाती गेले तर पहिला घाव कोणावर पडतो, हे आपल्या समाजास इतिहासाने शिकविले आहे. तथापि पंथांपासून सारख्या अंतरावर राहणे, एवढ्याने काम भागत नाही. घटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि पंचविसाव्याने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार राज्यास दिला. हे राज्य तटस्थ प्रेक्षक नाही. आणि तरीही कायदा एकटा अपुरा आहे. समाजात धम्म नसेल तर अराजक तरी माजते किंवा पोलिसी सत्ता तरी येते, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता वरवरच्या रंगासारख्या राहतील, असा इशारा त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतच दिला होता. पंथनिरपेक्ष राज्य शक्य आहे आणि आवश्यकही आहे. धम्मनिरपेक्ष समाज मात्र फार काळ उभा राहू शकत नाही.

इहवादी चळवळीचा इतिहासही याला दुजोरा देतो. तिचे तेजस्वी क्षण जाहीरनाम्यांचे नाहीत. १८८० मध्ये निवडून आलेल्या ब्रॅडलॉ यांनी ईश्वराच्या नावे शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा मागितली. त्यासाठी त्यांना सहा वर्षे पार्लमेंटबाहेर ठेवण्यात आले, मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले आणि १८८८ च्या कायद्याने तो हक्क सर्वांस मिळाला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास ते उपस्थित होते. आपल्या घटनेतही ईश्वराच्या नावे शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधान भवनावर चालत गेल्या. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते दीर्घकाळ झटले, तो त्याच वर्षी संमत झाला. या सर्व प्रसंगी विचार ‘मी’पर्यंत येऊन पोहोचला होता आणि त्याची किंमत त्या ‘मी’ने मोजली होती. मानवतावाद तेथे शीलाच्या अगदी जवळ येतो.

आपली स्वतःची तपासणी

ही चिकित्सा आपल्याला लागू होणार नाही, असा कोणाचा समज असू नये. जाहीरनाम्याला जो दोष आम्ही लावला, तो प्रतिज्ञेलाही जडू शकतो, आणि तो दोन रीतींनी जडतो. पहिली रीत अशी की प्रतिज्ञेचा मंत्र होतो. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनी ती एका सुरात म्हटली जाते, ओठ हलतात आणि ‘करीन’ या भविष्यकाळाचा वर्तमानकाळ कधी होत नाही. दुसरी रीत अधिक घातक आहे. तीत प्रथम पुरुषाचा द्वितीय पुरुष होतो. ‘मी मानणार नाही’ याचे ‘तू अजून मानतोस’ असे रूपांतर होते आणि बावीस प्रतिज्ञा शेजाऱ्याच्या घरातले देव्हारे मोजण्याचे साधन बनतात. समतेचा प्रयत्न करण्याची प्रतिज्ञा, आपल्याच पोटजातींतील विवाहसंबंधांच्या वेळी, स्त्रीला विहाराच्या कारभारात स्थान देताना, मद्याच्या दुकानासमोरून जाताना कोठे असते, हा प्रश्न मग कोणी विचारीत नाही.

आणखी एक गोष्ट. न स्वीकारण्याच्या दहा आधारांत ‘पिटकसंपदान’ आहे, तसेच हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून, असाही एक आधार आहे. हे शब्द तथागतांनी स्वतःच्या शिकवणुकीसही लागू केले. बाबासाहेबांचे वचन उद्धृत केले की विचार संपला, अशी सवय आपल्याला लागत असेल, तर आपण त्यांच्या मार्गावरून ढळत आहोत. मानवतावाद्यांकडून आपण घ्यावयाचे ते हेच : तपासणी कधी थांबवू नये. आणि त्यांनी आपल्याकडून घ्यावयाचे ते हे की, तपासणी करून जे खरे ठरले ते चारचौघांत स्वतःवर घ्यावे.

यासाठी मोठ्या परिषदेची आवश्यकता नाही. आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांनी येत्या वर्षावासात केसमुत्ति सुत्त आरंभापासून शरणगमनापर्यंत वाचावे, रॉय यांची बावीस सूत्रे वाचावीत, आणि मग बावीस प्रतिज्ञा एकेक करून, एका बैठकीस एक याप्रमाणे, चर्चेस घ्याव्यात. परिसरातील विवेकवादी कार्यकर्त्यांनाही त्यास बोलवावे. प्रत्येक बैठकीच्या शेवटी उपस्थितांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि ते उत्तर प्रथम पुरुषी एकवचनात द्यावे : ही प्रतिज्ञा मी गेल्या वर्षी कोठे पाळली?